खून कोणी केला ते नंतर, आधी सांगतंय कोण ते बघा

मी आजपर्यंत जेवढ्या मर्डर मिस्टऱ्या अर्ध्यात सोडल्या त्यातली एकही खून बोअर होता म्हणून सोडली नाही. प्रेत लायब्ररीत सापडो नाहीतर विहिरीत, मला चालतं. सोडल्या त्या सगळ्या सांगणाऱ्यामुळे. म्हणजे जो कोण 'मी, मी' करत ती गोष्ट सांगतोय तो तिसाव्या पानापर्यंत मला माणूसच वाटला नाही, नुसता भिंतीवरचा सीसीटीव्ही वाटला. आणि याउलट अशी पुस्तकं आहेत की ज्यांचा खुनी कोण होता ते दोनदा वाचूनसुद्धा आज आठवत नाही, पण सांगणारा मात्र शेजारच्या घरात राहत असल्यासारखा लक्षात आहे, तो चहात साखर किती घेतो तेपण सांगू शकेन.

समीक्षावाले याला निवेदक म्हणतात. मी सांगणाराच म्हणते, कारण निवेदक म्हटलं की मला गणेशोत्सवात माईक धरून उभा असलेला माणूस दिसतो.

आता इतर कादंबऱ्यांमध्ये सांगणारा जरा कच्चा असला तरी निभावून जातं. मर्डर मिस्टरीत नाही निभावत, आणि त्याचं कारण असं की इथे लेखकाला दोन एकदम उलट कामं करायची असतात. सगळे पुरावे वाचकासमोर ठेवायचे, नाहीतर शेवटी वाचक म्हणणार की ही चीटिंग आहे, आम्हाला सांगितलंच नव्हतं. आणि ते पुरावे वाचकाला दिसू द्यायचे नाहीत, नाहीतर साठाव्या पानावर खेळ खल्लास. दाखवायचं पण आणि लपवायचं पण. ही कसरत लेखक स्वतः करत नाही, तो ती सांगणाऱ्याकडून करून घेतो.

उदाहरण देते. आमचीच बिल्डिंग धरा, पुण्यातली, तीन मजली, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर अण्णा राहतात (हे अण्णा मी बनवलेले आहेत, काळजी नसावी), वय सत्तर, एकटे, व्याजाने पैसे देतात. एका सकाळी ते घरात मेलेले सापडतात. पोलीस समोरच्या काकूंना विचारतात, तर काकू म्हणतात:

"गुरुवारची गोष्ट बघा साहेब. सव्वासहाला नळ आला तशी उठले, पिंप लावलं, म्हटलं पिंप भरेस्तोवर दारातलं झाडून घ्यावं. तर अण्णांच्या दारातली चप्पल परत माझ्या उंबऱ्याशी. दहादा सांगून झालंय त्यांना, तुमच्याकडे येणाऱ्यांना चपला नीट काढायला सांगा म्हणून, पण ऐकतंय कोण. पायानेच सरकवली मी. मग केर काढला, चहा टाकला. आवाज बिवाज काही नाही आला हो. आमच्या ह्यांचं सातला इन्सुलिन असतं, त्या गडबडीत मी कुठे बघत बसणार?"

काकूंनी काय सांगितलं बघा. सव्वासहाला अण्णांच्या घरात कोणीतरी आलेलं होतं. इतका मोठा पुरावा, पण तो आला कसा, तर तक्रारीच्या पोटात बसून. आपण काकूंची कटकट ऐकली, मनात म्हटलं आमच्याकडे पण असंच चालतं, आणि पुढे गेलो. हेच जर इन्स्पेक्टर सांगत असता, की दारात अमुक नंबरची तपकिरी चप्पल आढळली, तर त्या चपलेवर लगेच लाईट पडला असता. म्हणजे पुरावा तोच, पण काकूंच्या तोंडी तो लपला, आणि काकू खोटं न बोलता लपला. कुठल्याही माणसाला काही गोष्टी दिसतात आणि काही दिसतच नाहीत, आणि त्याला कारण असतं: त्याचा धंदा, त्याचा राग, त्याचं प्रेम, त्याच्या नवऱ्याचं इन्सुलिन. पटणारा सांगणारा म्हणजे ज्याला न दिसण्याचं कारण आपल्याला मान्य होतं असा माणूस. माझ्या मते बाकी सगळं यानंतर.

हे तंत्र जुनं आहे. एडगर ॲलन पो यांनी १८४१ साली पॅरिसमधल्या खुनांची जी गोष्ट लिहिली, जिथून हा सगळा प्रकार सुरू झाला असं धरतात, त्यातसुद्धा हुशार डिटेक्टिव्ह द्यूपाँ स्वतः सांगत नाही, त्याचा मित्र सांगतो. त्या मित्राला बिचाऱ्याला नावसुद्धा नाही. ते नाव, ती जखम, ती पेन्शन, हे सगळं द्यायला शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन यायला लागला, १८८७ मध्ये.

वॉटसनबद्दल एक गंमत, विशेषतः आपल्याकडच्यांसाठी. पहिल्याच कादंबरीत तो सैन्यातला डॉक्टर म्हणून बोटीतून कुठे उतरतो, तर आपल्या मुंबईत. तिथून कंदहार, मग मैवंदच्या लढाईत (ही लढाई खरी झालेली, जुलै १८८०, अफगाणिस्तानात) त्याच्या खांद्यात गोळी घुसते, मग पेशावरच्या इस्पितळात विषमज्वर, मग लंडनला परत, खिशात थोडेसे पैसे आणि भाडं वाटून घ्यायला कोणीतरी पाहिजे. होम्स दिसायच्या आधीच हा माणूस आपल्याला पटलेला असतो. आणि मग तीन वर्षांनी आलेल्या पुढच्या कादंबरीत तीच गोळी पायात लागलेली असते! खांद्यावरनं पायात कशी गेली यावर होम्सवेड्या लोकांनी शंभर वर्षं डोकं खाल्लंय, पण आश्चर्य म्हणजे वॉटसनवरचा कोणाचाही विश्वास त्यामुळे उडाला नाही. आपला आजोबा एक किस्सा दर वेळी वेगळा सांगतो म्हणून आपण त्याला खोटारडा म्हणतो का? तारखा न तारखा जुळल्याने कोणी खरा वाटत नाही, बोलण्यात तोच माणूस सारखा भेटत राहिला की वाटतो.

मग होम्सनेच का नाही सांगायचं? तर तो चान्सपण त्याला मिळालाय. वॉटसन गोष्टी फार रंगवून सांगतो, शास्त्र बाजूला राहतं, अशी कुरकुर होम्स वर्षानुवर्षं करत होता, शेवटी १९२६ मध्ये आलेल्या दोन कथा त्याने स्वतः सांगितल्या. आणि पहिल्याच कथेच्या सुरुवातीला साहेब कबूल करतात की लिहायला बसल्यावर कळलं, वाचकाला रस वाटेल असंच सांगावं लागतं. अडचण सोपी आहे. होम्सला सगळं आधीच कळतं. तो सांगायला बसला की एकतर त्याने लगेच सांगून टाकायचं, नाहीतर मुद्दाम तोंड दाबून बसायचं, आणि ते दाबलेलं तोंड वाचकाला दिसतं. वॉटसनला काही दाबावं लागत नाही, त्याला खरंच कळलेलं नसतं. आलेल्या माणसाच्या बुटावरच्या चिखलाकडे तोपण बघतो, आपणपण बघतो, आणि दोघंही सारखेच मठ्ठ ठरतो, म्हणून बरं वाटतं.

या मठ्ठपणाचा नियमसुद्धा झाला. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक कॅथलिक पाद्री होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये या प्रकाराच्या दहा आज्ञा काढल्या, अर्ध्या गमतीत. त्यातली नववी: डिटेक्टिव्हचा जो बावळट मित्र असतो त्याने मनात आलेला एकही विचार वाचकापासून लपवायचा नाही, आणि त्याची बुद्धी सरासरी वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच, कमी पाहिजे. हे किंचित महत्त्वाचं आहे हां. फार कमी केली की आपल्याला राग येतो, अरे गाढवा समोर दिसतंय की. जास्त केली की तो आपल्या आधी पोचतो आणि आपला पोपट होतो.

माझं सगळ्यात लाडकं पुस्तक मात्र या सगळ्याच्या मधलं, १८६८ चं, विल्की कॉलिन्स यांचं 'द मूनस्टोन'. आता यात मुख्य भानगड हिऱ्याच्या चोरीची आहे, खून नंतर येतो, पण सांगणाऱ्यांची शाळा कोणाला बघायची असेल तर इथेच. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू पडला त्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने हिरा ढापला, हिऱ्याचं मूळ सोमनाथच्या देवळात, तिथून तो यॉर्कशरमधल्या एका बंगल्यात येतो आणि एका रात्रीत गायब. आणि मग ठरतं की ज्याने जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच त्याने लिहायचं, पुढचं दुसऱ्याने. कोर्टातल्या साक्षीसारखं.

पहिला येतो बेटरेज, घरचा म्हातारा कारभारी. याला एकच पुस्तक माहीत, 'रॉबिन्सन क्रूसो'. अडचण आली की ते कुठलंही पान उघडायचं आणि उत्तर घ्यायचं, आपल्याकडे काही लोक पोथी उघडून कौल घेतात तसं. सहा प्रती वाचून वाचून फाडल्यात म्हणतो. सुरू करतो हिऱ्याचं, पोचतो स्वतःच्या लग्नावर, मग सॉरी म्हणून परत येतो. हे सगळं वाचताना आपण हसतो आणि त्या घरावर त्याची माया आहे हे आपल्याला कळतं, पण ज्या घरावर माया आहे त्या घरातल्या माणसांवर तो संशय घेणार नाही हे आपण विसरून जातो. मग त्याच्यानंतर मिस क्लॅक. धार्मिक बाई, ज्याच्या त्याच्या घरात सोफ्यावर, पुस्तकात, फुलांच्या कुंडीत पत्रकं लपवून ठेवणारी, पडद्यामागे उभं राहून लोकांचं बोलणं ऐकणारी, आणि वर म्हणणार की हे मी कर्तव्य म्हणून केलं. तिचं लिखाण वाचताना प्रत्येक वाक्याला उलटं करून घ्यावं लागतं. ती जिची निंदा करते ती मुलगी आपल्याला आवडायला लागते, आणि ती ज्या गृहस्थांची आरती ओवाळते त्यांच्याबद्दल, जाऊ दे, इथे मी गप्प बसते.

एकच घर, एकच रात्र, आणि दर वेळी सांगणारा बदलला की फर्निचर हलल्यासारखं वाटतं. खोटं कोणीच बोलत नाही. मला वाटतं हे पुस्तक दीडशे वर्षं टिकलं ते हिऱ्यामुळे नाही, क्लॅकबाईमुळे.

आता थांबा. पुढचे तीन परिच्छेद अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' बद्दल आहेत आणि मी त्यात खुनी सांगणार आहे, कारण ते सांगितल्याशिवाय हा विषय समजावताच येत नाही. ज्यांनी वाचलं नाही आणि वाचायचंय त्यांनी आर्ची नावाचा माणूस येईपर्यंत उडी मारा, आणि त्यानंतरही शेपर्ड हे नाव दिसलं की ते वाक्य सोडा. नंतर मला शिव्या द्यायच्या नाहीत.

तर, गावातला डॉक्टर शेपर्ड गोष्ट सांगतो. लग्न न झालेला, बहीण कॅरोलिन सोबत राहते, तिला घरात बसून अख्ख्या गावाची खबर असते. शेजारी एक अंड्यासारख्या डोक्याचा, मोठ्या मिशांचा परदेशी माणूस राहायला आलाय, भोपळ्यासारखी भाजी लावतो आणि ती नीट वाढत नाही म्हणून चिडून कुंपणावरून फेकतो. हा पॉयरो, ख्रिस्ती यांचा डिटेक्टिव्ह. पॉयरोचा नेहमीचा सांगणारा हेस्टिंग्ज तेव्हा अर्जेंटिनात आहे, म्हणजे खुर्ची रिकामी, आणि डॉक्टर त्यात बसतो. आपण इतक्या वॉटसनांवर वाढलोय की खुर्चीत डॉक्टर बसला की आपण आपोआप विश्वास टाकतो. आणि खून डॉक्टरनेच केलेला असतो.

कसं लपवलं, ते बघण्यासारखं आहे. मी हे पुस्तक तिसऱ्यांदा परवाच वाचलं, गुरुवार होता, पाण्याची सुट्टी, भांडी तशीच पडलेली, मशीन लावता येत नाही, मग करणार काय, सकाळपासून पुस्तक घेऊन बसले. तर तो प्रसंग असा की ॲक्रॉइडकडे डॉक्टर बसलाय, नऊला वीस कमी असताना नोकर पत्र आणून देतो. पुढचं वाक्य: नऊला दहा कमी असताना मी निघालो, पत्र अजून न वाचलेलंच होतं. मग दाराच्या मुठीवर हात ठेवून तो मागे वळून बघतो की काही करायचं राहिलं तर नाही ना. बास. वीस कमी आणि दहा कमी, यांच्यामध्ये दहा मिनिटं गेली, त्या दहा मिनिटांत खून झाला, आणि लेखिकेने वेळ आकड्यात लिहून दिलीय! पहिल्यांदा वाचताना ती दहा मिनिटं कोणालाही दिसत नाहीत, कारण आपण सगळे त्या पत्रात काय आहे याचाच विचार करत असतो. आणि "काही राहिलं तर नाही ना" हे वाक्य पहिल्या वेळी काळजीवाहू डॉक्टरचं वाटतं, दुसऱ्या वेळी अंगावर काटा येतो. शेवटच्या प्रकरणात डॉक्टर स्वतःच या वाक्यांवर खूश होऊन म्हणतो की बघा, सगळं खरंच लिहिलंय, फक्त मधे चांदण्यांची (* * * अशी) एक ओळ टाकली असती तर कोणीतरी विचारलं असतं की त्या वेळात काय झालं.

तेव्हा काही लोक फार चिडले होते यावर. नॉक्ससाहेबांची पहिलीच आज्ञा, की ज्याच्या मनातले विचार वाचकाला ऐकवलेत तो खुनी असू नये, या पुस्तकाच्या तीन वर्षांनंतरची आहे. माझं मत विचाराल तर यात फसवणूक नाही. पुढे १९६१ मध्ये वेन बूथ या अमेरिकन प्राध्यापकांनी ज्या सांगणाऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही त्याच्यासाठी एक खास नाव रूढ केलं, अविश्वसनीय निवेदक, आणि आता तर मागच्या कव्हरवर छापतात ते, जाहिरात म्हणून. त्यामुळे झालंय असं की हल्ली कोणी 'मी' म्हणालं की वाचक आधीच संशय घेतो. विश्वास टाकलाच नाही तर तो तुटणार कसा, ही या नवीन पुस्तकांची मोठी गोची आहे. शेपर्ड चालला कारण तो आधी चांगला डॉक्टर, बहिणीला वैतागलेला भाऊ, गप्पिष्ट शेजारी म्हणून पटला होता. लबाडी नंतर आली.

आता आर्ची. अमेरिकेत रेक्स स्टाउट यांनी १९३४ पासून नीरो वुल्फच्या कादंबऱ्या लिहिल्या. वुल्फ हा डिटेक्टिव्ह, अवाढव्य, सहसा घराबाहेर पडत नाही, ऑर्किड वाढवतो, बिअर पितो, आणि बाहेरची सगळी पळापळ आर्ची गुडविन करतो, सांगतोपण तोच. इथे एक वेगळीच अडचण सोडवलीय जी आपल्याला एरवी खटकते पण आपण बोलत नाही: बाबा रे, तुला तीन तासांचं बोलणं शब्द न शब्द आठवलं कसं? आर्चीचं उत्तर म्हणजे तेच त्याचं काम आहे, त्याची स्मरणशक्ती तशी तयार झालेली आहे, बाहेरून आला की वुल्फसमोर बसून सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. पगारच त्याचा आहे. एकदा हे मान्य केलं की पुढची सगळी संभाषणं पटतात. आणि आर्ची बावळट बिलकुल नाही, बॉसला टोमणे मारतो, पोरींवर लाइन मारतो, नॉक्सचा किंचित कमी बुद्धीचा नियम त्याने कचऱ्यात टाकलाय. तरी चालतं, कारण वुल्फ त्याला शेवटचं पान दाखवतच नाही, आणि आर्चीला त्याचा राग येतो, आणि तो राग आपलाही असतो.

या बाबतीत टोकाला गेलेलं पुस्तक म्हणजे मार्क हॅडन यांचं २००३ चं, एका कुत्र्याच्या खुनाचं. सांगणारा क्रिस्टोफर, वय पंधरा, प्रकरणांना नंबर मूळ संख्यांचे, दोन, तीन, पाच, सात असे. त्याला खोटं बोलता येत नाही, आणि लोकांचे चेहरे वाचता येत नाहीत. म्हणजे शेपर्डच्या बरोब्बर उलटा, सगळं सांगतो, काही लपवत नाही, पण जे सांगतोय त्याचा अर्थ त्याला लागत नाही. शेजारीण काहीतरी बोलता बोलता थांबते, तो तिचं थांबणं इमानदारीत लिहितो, आणि आपल्याला कळतं. त्याच्या आधी कळतं. आणि मग पानं उलटवत नाहीत, वाटतं याला कळूच नये.

आपल्याकडे बंगाल्यांनी हा प्रकार मनावर घेतला. सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह फेलूदा, त्याच्या गोष्टी सांगतो त्याचा शाळकरी चुलतभाऊ तोपशे, मराठीत अशोक जैन यांच्या अनुवादातून बऱ्याच घरांत पोचलाय. एक गोष्ट तर वेरूळच्या कैलास लेण्याभोवतीच फिरते. तोपशेचं वय हीच त्याची न दिसण्याची सोय, मोठ्यांच्या भानगडी त्याला अर्ध्याच कळतात, पण गाडीचा नंबर, हॉटेलातलं जेवण, कोणाच्या बॅगेला कुलूप होतं, हे मात्र पोरांना जसं लक्षात राहतं तसं पक्कं. दादाचं कौतुक तर इतकं की दादा चुकू शकतो हे त्याच्या डोक्यातच येत नाही, म्हणून आपल्याही येत नाही.

अलीकडचं एकच सांगते, रिचर्ड ऑस्मन यांचं २०२० चं 'द थर्सडे मर्डर क्लब', त्यातली जॉयस. रिटायर्ड नर्स, म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहते, रोज डायरी लिहिते. केक, शेजाऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन, मुलगी फोन करत नाही, आणि मधेच एक प्रेत. लोक याला हलकंफुलकं म्हणून सोडून देतात, पण जॉयसच्या केकमध्ये आणि आमच्या काकूंच्या केरसुणीत फरक नाही, दोन्ही लपवायच्या जागा आहेत.

वाईट सांगणारा कसा ओळखायचा, तर तो एक वाक्य टाकतो: "त्या चिठ्ठीत जे लिहिलं होतं ते वाचून माझे हात थरथरले." आणि काय लिहिलं होतं ते सांगत नाही, पुढचं प्रकरण सुरू. हा सरळ सरळ दरोडा आहे. तू वाचलीस ना चिठ्ठी? मग मला का नाही? डॉक्टर शेपर्डने खुनी असूनही असलं केलं नाही. आणि दुसरा प्रकार, मधेच अचानक खुनीच 'मी' म्हणून बोलतो, तिरप्या अक्षरात, लहानपणी आई कशी मारायची वगैरे. मी ती पानं उडी मारून वाचते आणि आजवर माझं काही अडलेलं नाही.

वाचताना मी एकच करते. सांगणारा कशावर चिडलाय, कोणावर खूश आहे आणि कुठे घाईत आहे, एवढ्या तीन जागी पेन्सिलने बारीक टिंब देते. बहुतेक वेळा माल तिथेच सापडतो. बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही, कारण चांगले लेखक आपल्याला एक पुरावा स्वतःच्या हाताने देतात, आपण शहाणे झालो असं वाटून तिथेच रमतो, आणि मग त्याच्याच बाजूला ठेवलेलं दुसरं काही आपण बघत नाही.

आमच्या काकूंचंच घ्या. चप्पल मी तुम्हाला हातात आणून दिली, तुम्ही ती घेतलीत, आणि काकूंकडे परत वळून बघितलं नाहीत. सव्वासहाला नळ आला, पिंप लावलं, म्हणाल्या त्या. गुरुवारी.